चाकळ्यावरची शिरोरेघ

आत्याने आपला मण्यांचा चाकळा मागे शहरातल्या एका प्रदर्शनाला दिला होता. आम्ही दोघी हौसेने बघायला गेलो. काचेच्या पेटीत तो छान दिसत होता, उजेडही बेताचा ठेवला होता. खाली पाटी होती: 'मोतीभरत, सौराष्ट्र, अज्ञात कारागीर'. पाटी वाचून मी तिथल्या तिथे आवाज चढवला. कारागीर अज्ञात कशी? ती माझी आजी होती, आणि ज्या बाईने चाकळा दिला ती तिची मुलगी इथे उभी आहे. आत्या माझा हात ओढत म्हणत होती, "अगं, जाऊ दे ना. वस्तू नीट ठेवली आहे, तेवढं पुरे."

संयोजकांपैकी एक गृहस्थ आले. सभ्य माणूस. म्हणाले, "नाव घालतो, बेन. पण सौराष्ट्र का नको, ते सांगा. काम तर तिथलंच आहे." मी म्हटलं, हे मराठी घरातलं रुखवत आहे. त्यांनी विचारलं, पुरावा काय?

उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हापासून मी मण्यांच्या कामाबद्दल मिळेल ते वाचत आणि जिथे मिळेल तिथे पाहत आले. आपल्या मंडळासाठी हे टिपण लिहिते आहे त्याचं कारण असं की बडोद्याच्या मणीकामावर जे बोललं-लिहिलं जातं ते दोन खणांत विभागलेलं आहे. एका खणात राजवाड्याचा मोत्यांचा गालिचा, दुसऱ्यात सौराष्ट्राचं लोककाम. मधल्या घरांना खणच नाही. आणि या मांडणीवर टीका करताना मला माझ्याही रागाची थोडी टीका करावी लागणार आहे.

आधी गालिच्याचं. खंडेराव गायकवाडांनी (कारकीर्द १८५६ ते १८७०) तो साधारण १८६५ च्या सुमारास करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो होता असं सांगतात. तो तिकडे गेलाच नाही, बडोद्यातच राहिला. लांबी सुमारे २६४ सेंटिमीटर, रुंदी १७३. म्हणजे आपल्या घरातल्या मोठ्या सतरंजीएवढाही नव्हे. पण त्यावर पंधरा ते वीस लाख बसऱ्याचे बारीक मोती आहेत. मधोमध तीन मोठी गोल फुलं हिऱ्यांची. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. त्या प्रदर्शनाचा अधिकृत ग्रंथ लिहिणाऱ्या जॉर्ज वॉट यांनी सगळ्यात जास्त चर्चा झालेल्या वस्तूंत त्याची गणना केली आहे. पुढे तो सीतादेवींबरोबर देशाबाहेर गेला, १९ मार्च २००९ रोजी दोहा इथे सदबीजच्या लिलावात चोपन्न लाख अठ्ठावन्न हजार पाचशे डॉलरला विकला गेला, आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच संचातलं गोल छत २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने विकलं.

हे आकडे आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. अडचण अशी की आकड्यांपलीकडे कोणी जात नाही. मोती किती, हिरे किती, डॉलर किती. गालिच्यावरचा कुठलाही लेख घ्या, तो सराफाच्या वहीसारखा वाचता येतो. मी गालिचा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, मोठे फोटो पाहिले आहेत, आणि माझं मत फोटोंवरचं आहे हे आधीच सांगून टाकते. पण फोटोतही एक गोष्ट दिसते जी सराफी वहीत येत नाही. मोती ही त्या गालिच्याची जमीन आहे. वेली, पानं, फुलं, म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणतो, ती उठून दिसते रंगीत काचेच्या मण्यांनी. निळे, लाल, हिरवे मणी. परदेशातून आलेली साधी पोत. जगातल्या सर्वांत महागड्या गालिच्यांपैकी एकावर रेषा काढण्याचं काम बाजारातल्या काचेने केलं आहे. मोती काढून घेतले तर नक्षी राहील, पोत काढून घेतली तर नुसता दुधाचा सांडगा राहील.

आता हीच मांडणी, पांढरी जमीन आणि रंगीत आकृती, सौराष्ट्राच्या चाकळ्या-तोरणांची ओळख म्हणून सांगितली जाते. दुधी पांढऱ्या मण्यांच्या पटावर पोपट, हत्ती, घोडेस्वार, फुलझाडं. राजवाड्याने ती तिथून घेतली असं मी म्हणत नाही. गालिच्याचा नमुना मोगल आणि इराणी वळणाचा आहे, हे उघड दिसतं. पण दोन्ही वस्तू एकाच राज्यात होत होत्या आणि दोन्हींकडे बघण्याची आपली नजर मात्र वेगळी आहे. एकीला 'कलाकृती' म्हणतो आणि दुसरीला 'हस्तकला'. हे वर्गीकरण माझ्या मते कामावरून झालेलं नाही, मालावरून झालं आहे.

कामावरून बोलायचं तर फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. गालिच्यात मोत्यांच्या आणि मण्यांच्या सरी रेशमाच्या आणि हरणाच्या कातड्याच्या पायावर टाचून बसवलेल्या आहेत. खाली पाया असला की सर हवी तशी वळवता येते, म्हणून वेल खरोखर वेलीसारखी वळते. चाकळ्यात पाया नसतो. तिथे मणी मण्याला बांधलेला असतो. तीन मण्यांचा त्रिकोण करायचा, त्याच्या एका बाजूचा मणी पुढच्या त्रिकोणात पुन्हा ओवायचा, सुई त्याच मण्यातून दुसऱ्यांदा जाते, असं करत जाळी वाढत जाते. कापड नंतर, अस्तर म्हणून. त्यामुळे इथे रेषेला जाळी सांगेल त्याच दिशांनी जाता येतं. पोपटाची चोच टोकदारच होणार, हत्तीची पाठ पायऱ्या-पायऱ्यांचीच होणार. असे चाकळे पाहून 'बालिश पण गोड' असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी एकदा दहा ओळी विणून पाहाव्यात. वळण न येणं हा तिथे हाताचा दोष नसून जाळीचा कायदा आहे, आणि चांगली बाई कोण हे त्या कायद्यात राहून ती काय ठरवते त्यावरून कळतं.

आजीच्या चाकळ्यांची जोडी होती. एक आत्याकडे गेला, दुसरा आमच्याकडे. प्रदर्शनातून आल्यावर मी आमचा काढला, भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. पांढरी जमीन, चार कोपऱ्यांत चार पोपट, भोवती लाल-हिरवी चौकट. तोवर त्या गृहस्थांचंच बरोबर. मध्ये मात्र अक्षरं आहेत: 'श्री गजानन प्रसन्न'. लहानपणापासून पाहिलेली, म्हणून कधी न वाचलेली.

त्या तीन मण्यांच्या जाळीत आडव्या आणि उभ्या दिशांपैकी एकच अशी असते जिच्यात मणी सरळ रांगेत बसतात. तिच्या काटकोनातली रेषा कधी सरळ येत नाही, ती डावी-उजवी डुलत जाते. आता देवनागरी लिहायची म्हणजे आडवी शिरोरेघही हवी आणि उभा कानाही हवा. दोन्ही सरळ मिळणार नाहीत. जाळी आडवी धरली तर शिरोरेघ सरळ आणि काना नागमोडी, उभी धरली तर उलट. आजीने शिरोरेघ राखली. 'श्री गजानन प्रसन्न' ही तिन्ही पदं एका अखंड लाल रेघेला टांगली आहेत, रेघ आखीव आहे, आणि तिच्याखाली 'गजानना'चे काने वाऱ्यावर हलल्यासारखे डुलतात.

गुजराती लिपीला शिरोरेघ नसते. गुजराती अक्षरं काढायला बसलेल्या बाईपुढे हा पेच येणारच नाही, ती बहुधा उभी रेघ सांभाळेल. शिरोरेघेसाठी काने सोडून देणं हे बाळबोध वळणावर हात बसलेल्या माणसाचं काम आहे. शिवाय 'गजानन' हे नावही आपल्या घरांतलं. हा माझा पुरावा. तो पक्का आहे असा माझा दावा नाही, देवनागरी कुठलाही संस्कृत शिकलेला माणूस लिहू शकतो. पण पाटी लिहिताना निदान अक्षरं वाचायला हवी होती. वस्तूवर मजकूर असताना तो न वाचता तिला 'अज्ञात' म्हणणं हा आळस आहे.

इथपर्यंत मी जिंकल्यासारखी होते. मग आत्याला फोन केला. म्हटलं, आजी हे काम कुठे शिकली? आत्या म्हणाली, "कुठे म्हणजे? अमरेलीला. तिचे वडील तिथे कचेरीत कारकून होते ना. शेजारच्या बेननी शिकवलं तिला. आई नेहमी सांगायची, मणीसुद्धा त्यांनीच दिले होते पहिले."

अमरेली! म्हणजे सौराष्ट्रच.

बडोदे संस्थान नकाशावर एका जागी नव्हतं हे आपण मंडळात कितीदा बोललो आहोत. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे प्रांत, त्यांत अमरेली प्रांत काठेवाडात: अमरेली, धारी, कोडीनार, दामनगर. त्याखेरीज द्वारकेकडचं ओखामंडळ. या सगळ्या ठिकाणी बडोद्याहून मराठी कारकून, वहिवाटदार, मास्तर बदलीवर जात. बदलीचा इतिहास आपण नेहमी पुरुषांच्या नोकरीचा इतिहास म्हणून लिहितो. कोण कुठे सुभा झाला, कोणाला कुठे बढती मिळाली. त्या बदल्यांबरोबर बायका आणि मुली जात होत्या, शेजारणी करत होत्या, दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून काहीतरी शिकत होत्या, आणि पुढच्या बदलीला ते बोटांत घेऊन परत येत होत्या, हे कुठल्या दफ्तरात नाही. चाकळा हे त्याचं दफ्तर आहे, असं म्हटलं तर फार होणार नाही.

तेव्हा पाटी अर्धी बरोबर होती. गाठ सौराष्ट्राची, रेघ मराठी, आणि वस्तू बडोद्याची. माझा राग 'सौराष्ट्र' या शब्दावर होता, तो 'अज्ञात' या शब्दावरच असायला हवा होता. मराठी घरात सापडलं म्हणून मराठी, हा माझा हट्ट आणि पांढऱ्या जमिनीवर पोपट आहे म्हणून सौराष्ट्र, हा त्यांचा हट्ट, दोन्ही एकाच माळेचे मणी.

या पाट्या कुठून येतात, तेही पाहू. जे. एम. नाणावटी, एम. पी. व्होरा आणि एम. ए. ढाकी यांचं कच्छ-सौराष्ट्राच्या भरतकाम आणि मणीकामावरचं इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये गुजरात राज्याच्या पुरातत्त्व खात्याने काढलं, तेही बडोद्याहून. गुजरात राज्य होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. ढाकी पुढे मंदिरस्थापत्याचे मोठे अभ्यासक म्हणून नावाजले गेले. अशा पुस्तकाला आपण दोष देऊ नये. त्याने विषय कच्छ-सौराष्ट्र हाच घेतला आणि नावातच तसं सांगितलं. दोष आहे तो अशा पुस्तकांचा शब्दकोश करणाऱ्यांचा. नमुना पाहायचा, पान काढायचं, पाटी चिकटवायची. पुस्तकात बडोद्याची घरं नाहीत म्हणून बडोद्याच्या घरांत काम नव्हतं, असा अर्थ होत नाही. आणि आपणही काय केलं? पुस्तक छापलं गेलं त्याच गावात राहून इतक्या वर्षांत आपल्या रुखवतांची एक साधी यादी केली नाही. ही तक्रार बाहेरच्यांकडे करता येत नाही.

आता थोडं आडवळण. अमरेलीच्या बेनकडे जाण्याआधीच आजीच्या हातात ओवणं होतं, हे विसरू नये. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आठवा. खसखशीवर, तिळावर, साबुदाण्यावर मंद आचेवर पाक चढवत बोटं भाजून घ्यायची, काटेरी हलवा करायचा, आणि मग त्याची ठुशी, तन्मणी, बाजूबंद, मुकुट ओवायचे. पहिल्या संक्रांतीची नवी सून, नाहीतर बोरन्हाणाचं बाळ. तेही मणीकामच आहे, फक्त मणी साखरेचा. खऱ्या दागिन्यांची गाठण पटवेकरी करायचा, पण हलव्याचा पटवेकरी घरातली बाईच असे. हे काम कुठल्याही संग्रहालयात जाणार नाही, मुंग्या त्याच्या आधी पोचतात. पण ज्या बोटांनी साखरेचा दाणा न फोडता त्यातून दोरा काढला, त्यांना काचेची पोत जड गेली नसणार.

आणि दुसरी एक वस्तू जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही: दुधाच्या भांड्यावरचा जाळीचा रुमाल. पांढऱ्या सुताचा, क्रोशाच्या सुईने विणलेला, गोल, आणि कडेला मणी. आमच्याकडे असे चार होते. लोकांना वाटतं मणी शोभेला लावले. नाही. मण्यांच्या वजनाने रुमाल भांड्यावर बसतो, वाऱ्याने उडत नाही, माशी आत शिरत नाही, आणि जाळी असल्यामुळे वाफ कोंडत नाही. शोभा नंतर. करण्यातही एक खुबी आहे. मणी मागाहून शिवायचे नसतील तर विणायला बसण्याआधीच ते सगळे सुतात ओवून घ्यावे लागतात आणि टाक्याटाक्याला एकेक पुढे सरकवायचा. म्हणजे कडेला किती मणी लागणार हा हिशेब पहिला टाका घालण्याआधी डोक्यात तयार हवा. कमी ओवले तर सूत तोडा. माझी आजी चौथी शिकलेली होती आणि हा हिशेब तोंडी करायची.

मला विचाराल तर मणीकामाची सगळ्यात चांगली वस्तू गालिचाही नाही, चाकळाही नाही, हा रुमाल आहे. गालिच्यात मण्याला रेष काढायचं काम आहे. चाकळ्यात मणीच भिंत आणि मणीच चित्र. रुमालात मणी राबतो. ही माझी आवड आहे, तिला सिद्धांत समजू नका. आत्याला हे मत अजिबात मान्य नाही. ती म्हणते, दुधावरचं झाकण ते, त्याचं काय एवढं.

हल्लीच्या कामाबद्दलही दोन शब्द, कारण मंडळातल्या तरुण मुली त्यात आहेत आणि त्यांनी मला दाखवायला आणलं होतं. मण्यांची कानातली, दोऱ्याच्या गाठी घालून केलेल्या भिंतीवरच्या झालरी, त्यांत लाकडी आणि काचेचे मणी, क्रोशाच्या पिशव्या. हात चांगले आहेत. मणी आता जपानचे मिळतात, इतके एकसारखे की जाळी छापल्यासारखी दिसते. जुन्या मण्यांत जाड-बारीक निवडून बाजूला काढावे लागत, आजीच्या पोपटांची मान थोडी फुगीर आहे ती त्यामुळेच असेल. एकसारखेपणाची मला तक्रार नाही, आजीला असे मणी मिळाले असते तर तिने आनंदाने घेतले असते. तक्रार आहे ती तंगुसाची. मेण लावलेलं सूत मण्याला धरून ठेवतं आणि वस्तू घडी घालण्याइतकी मऊ राहते. तंगूस कडक असतो, ताठ उभा राहतो, आणि त्याला दिलेली गाठ हळूहळू सुटते. मुली म्हणतात, तंगूस तुटत नाही. बरोबर, पण सूत तुटलं तर दुरुस्त करता येतं.

दुसरी तक्रार झालरींची. गाठींचं काम स्वतःच सुरेख आहे, त्याची सावली भिंतीवर पडते तीसुद्धा. मग त्यात मध्येच निळा मणी कशाला? तो काही धरत नाही, काही ताणत नाही, कुठली रेष पुढे नेत नाही. मी त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "काकू, मणी घातला की लोक घेतात." प्रामाणिक उत्तर होतं. खंडेरावांच्या हिऱ्यांच्या तीन फुलांचंही कदाचित हेच उत्तर असेल. फोटोत पाहताना वेलीच्या मागे सरकत जाणारी नजर त्या फुलांशी येऊन अडखळते, आणि मला तरी तो गालिच्याचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो. श्रीमंती मध्येच येऊन बसली आहे.

त्या संयोजक गृहस्थांना मी पत्र लिहिलं. 'सौराष्ट्र' काढू नका असंच लिहिलं, हे त्यांना नवल वाटलं असावं. नवी पाटी सुचवली: करणारीचं नाव, शिकली अमरेलीत, लग्न बडोद्यात, रुखवतासाठी, तीन मण्यांची जाळी, मजकूर 'श्री गजानन प्रसन्न'. त्यांचं उत्तर आलं. नाव घातलं, अमरेली घातली. मजकूर मात्र 'धार्मिक सुलेखन' झाला. पुन्हा पत्र लिहिणार आहे.

आत्याचा चाकळा परत आला आहे. उजव्या खालच्या पोपटाच्या शेपटीतले पाच-सहा मणी सुटले आहेत, ते पेटीत नेताना की आणताना कोण जाणे. सुई तितकी बारीक मिळाली, हिरवा मणी तसा मिळत नाही. मंगळ बाजारात तीन दुकानं झाली. कोणाच्या घरी जुनी पोत डब्यात पडून असेल, गर्द हिरवी, मोहरीपेक्षा थोडी लहान, तर मला सांगा. सात मणी पुरतील.